जहाजाला वाट देणारा पूल

पुलाच्या बरोबर मधोमध उभं राहून खाली पाहिलं, तर रस्त्याला एक आडवी भेग दिसते. गाड्या तिच्यावरून खडखडत जातात, चालणारे लोक तिच्याकडे बघतही नाहीत. एका बाजूला पंधराव्या शतकातला किल्ला, दुसऱ्या बाजूला नवं शहर आणि खाली समुद्राचं पाणी. भेग पाहून वाटतं, डांबराला तडा गेला असावा. पण तसं नाही. पूल खरोखरच तिथे संपतो आणि पलीकडे दुसरा पूल सुरू होतो. दोघे नुसते एकमेकांना टेकून उभे आहेत.

हा इटलीतल्या तारांतो शहराचा ‘पोंते जिरेव्होले’, म्हणजे सरळ मराठीत फिरता पूल. खालून मोठं जहाज जायचं असलं की त्याचे दोन अर्धे भाग सुटे होतात, आपापल्या काठावरच्या खुंटीभोवती आडवे फिरतात आणि मधला कालवा मोकळा करून देतात. इटलीतल्या पुलांची गोष्ट निघाली की सगळे व्हेनिसला जातात. तिथला रियाल्तो पूल सुंदर आहे यात वाद नाही, पण 1591 साली बांधून झाल्यापासून तो जागचा हललेला नाही. त्याच्या जागी आधी जो लाकडी पूल होता, त्याचा मधला भाग जहाजांसाठी उचलता यायचा. दगडी कमान आली आणि ती सोय गेली. तारांतोच्या पुलाने कमानही ठेवली आणि वाटही दिली. हे त्याला कसं जमलं, ते पाहण्यासारखं आहे.

आधी जागा समजून घेऊ. इटलीच्या बुटाची टाच आणि तळवा यांच्या मधल्या खोबणीत, आयोनियन समुद्राच्या काठावर तारांतो आहे. शहराला दोन समुद्र आहेत. बाहेरचा मार ग्रांदे, म्हणजे थोरला समुद्र. आतला मार पिक्कोलो, म्हणजे धाकटा. धाकटा जवळजवळ सगळीकडून जमिनीने वेढलेला आहे आणि वरून पाहिलं तर आडव्या पडलेल्या इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो. या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर जुनं शहर वसलं. परंपरेप्रमाणे इसवी सनपूर्व 706 मध्ये स्पार्टाहून आलेल्या ग्रीकांनी ते वसवलं. गणिती आर्किटास इथलाच. त्याने हवेत उडणारं लाकडी कबुतर बनवलं होतं, अशी दंतकथा आहे. यंत्रांची हौस या गावाला जुनीच म्हणायची.

1480 मध्ये ऑटोमन तुर्कांनी जवळचं ओत्रांतो जिंकलं आणि दक्षिण इटलीच्या किनाऱ्याची झोप उडाली. तारांतोत जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर खंदक खणला गेला आणि त्याच्या काठाशी आरागोन घराण्याच्या राजाने जाडजूड गोल बुरुजांचा किल्ला उभा केला. 1492 पर्यंत तो पुरा झाला. खंदकाने जुन्या शहराचं बेट करून टाकलं. त्या काळी तेवढंच हवं होतं. शत्रू पलीकडे राहावा, बस्स.

चारशे वर्षांनी गरज नेमकी उलटली. इटली एक देश झाला आणि त्याच्या नौदलाची नजर मार पिक्कोलोवर पडली. वादळाला आणि शत्रूच्या तोफांना सहज सापडणार नाही असं इतकं मोठं आतलं पाणी आयतं कुठे मिळणार? तिथे आरमाराची गोदी उभारायचं ठरलं. ती 1889 मध्ये सुरू झाली. पण युद्धनौका आत शिरायच्या कुठून? मग जुना खंदक रुंद आणि खोल करण्यात आला. किल्ल्याचा काही भागही त्यासाठी पाडावा लागला. खंदकाचा कालवा झाला. आज तो सुमारे 400 मीटर लांब, 73 मीटर रुंद आणि 12 ते 14 मीटर खोल आहे.

आता अडचण अशी की माणसांना कालवा ओलांडून जायचं आहे आणि जहाजांना त्याच जागेतून आरपार. पूल इतका उंच बांधावा की डोलकाठ्या खालून जातील, तर दोन्ही काठांना लांबच लांब चढ लागतात. इथे एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला घरं. जागाच नाही. म्हणजे पुलाने बाजूला व्हायचं. बाजूला व्हायचे मार्ग दोन: वर उचलायचं किंवा आडवं फिरायचं.

इथे थोडा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा पुलाच्या एका हाताचं, म्हणजे एका अर्ध्या भागाचं, वजन 300 टन आहे आणि तो उचलताना त्याचा गुरुत्वमध्य 10 मीटर वर जातो. त्याला सुमारे 2 कोटी 90 लाख ज्यूल ऊर्जा लागेल, म्हणजे विजेची आठेक युनिटं. आता तोच हात आडवा फिरवा, टोकाचा वेग सेकंदाला 30 सेंटिमीटर ठेवा. एवढं धूड हलतं करायला लागणारी ऊर्जा भरते जेमतेम साडेचार हजार ज्यूल. एखादा माणूस दोन जिने चढून जातो तेव्हा साधारण तेवढीच खर्च होते! आकड्यांत चूक नाही. आडवं फिरताना गुरुत्वमध्य वर जात नाही, खालीही येत नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाशी भांडण्याचा प्रश्नच येत नाही. उरतं ते घर्षण आणि वारा. ते या साडेचार हजारांच्या कितीतरी पट असतात, पण तरीही उचलण्याच्या मानाने स्वस्तच. (उचलणाऱ्या पुलांवर अन्याय नको. त्यांनाही मागे वजन बांधून तोल साधतात, म्हणून त्यांचा खर्च इतका होत नाही. पण मग ते वजन खाली जायला खड्डा लागतो.)

ज्यांनी जातं ओढलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरची पाळ उचलून बाजूला ठेवायची तर कंबर धरते. तीच खुंट्यावर फिरवायला एक हात पुरतो.

फिरण्याचं कोडं सुटलं, पण त्याहून अवघड कोडं पुढे आहे. घरातल्या दोन लाकडी फूटपट्ट्या घ्या. टेबलावर दोन जाड पुस्तकं अंतर ठेवून मांडा आणि त्यांना टेकवून पट्ट्या तिरप्या उभ्या करा, टोकं मधोमध एकमेकींना भिडवा. झाली कमान. वरून बोटाने दाबा, टिकते. प्रत्येक पट्टी दुसरीला रेटते, शेवटी सगळा रेटा दोन पुस्तकांवर जातो आणि पट्टीच्या आत सगळीकडे दाबच असतो. आता एक पट्टी काढून घ्या. दुसरी धाडकन खाली. तिचा आधार म्हणजे समोरची पट्टीच होती.

फिरत्या पुलाचं नेमकं हेच होतं. मिटलेला असताना दोन हात मिळून कमान करतात आणि गाड्यांचं ओझं दोन्ही काठांवर रेटून देतात. उघडताना समोरचा सोबती जातो आणि प्रत्येक हाताला नुसत्या आपल्या खुंटीवर, पाण्यावर लांबवर झुकून, एकट्याने उभं राहावं लागतं. तेव्हा आतल्या बलांचा सगळा नकाशा पालटतो. मघाशी जी वरची कड दाबली जात होती ती आता ताणली जाते. भिंतीतून बाहेर आलेल्या सज्ज्याची वरची बाजू ताणली जाते, तसंच. दगड दाब सोसतो, ताणाला तुटतो. म्हणून रियाल्तोसारखी दगडी कमान मधून कापून फिरवता येत नाही. लोखंड आणि पोलाद दोन्ही सोसतात. शिवाय प्रत्येक हाताला खुंटीच्या मागे, काठाच्या बाजूला, एक आखूड जड शेपूट लागतं. पुढचा लांब भाग आणि मागचं शेपूट यांचा तोल खुंटीवर साधला की हात कलंडत नाही. म्हणजे एकाच सांगाड्याचं गणित दोनदा मांडायचं, एकदा मिटलेल्या पुलाचं आणि एकदा उघडलेल्या पुलाचं. प्रत्येक तुळई दोन्ही परीक्षांत पास व्हायला हवी. मला या पुलातलं सगळ्यांत देखणं काही वाटत असेल, तर ते हे दुहेरी गणित.

त्यात आणखी एक बारीक भानगड आहे. सुतार जाड दार बसवतो तेव्हा त्याच्या कडेला हलकासा तिरपा रंधा मारतो. नाहीतर दार चौकटीत अडतं, कारण दाराचा आतला कोपरा बिजागरीपासून कडेपेक्षा किंचित लांब असतो. पुलाचंही तसंच. समजा खुंटीपासून टोकाच्या मध्यापर्यंत 35 मीटर अंतर आहे आणि पुलाची निम्मी रुंदी साडेचार मीटर. पायथागोरसला विचारलं तर तो सांगतो, टोकाचा कोपरा खुंटीपासून 35.29 मीटरवर आहे. म्हणजे हात फिरू लागला की त्याचा कोपरा समोरच्या हाताच्या हद्दीत 29 सेंटिमीटर घुसायला बघणार. मग टोकं गोलाई देऊन घडवावी लागतात. तारांतोच्या मूळ पुलाचे दोन हात एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरवले जात.

हा मूळ पूल 22 मे 1887 रोजी अ‍ॅडमिरल फेर्दिनांदो आक्तोन यांच्या हस्ते खुला झाला. लोखंड आणि लाकडाची ती मोठी कमान अभियंता आल्फ्रेदो कोत्राऊ यांच्या कंपनीने बांधली होती. ती फिरवायची शक्ती आली कुठून, हा भाग मला फार आवडतो. विजेच्या मोटारी तेव्हा अशा कामाला रुळलेल्या नव्हत्या. अभियंत्यांनी शेजारच्या किल्ल्याकडे पाहिलं, चारशे वर्षं जुन्या बुरुजावर 600 घनमीटर पाण्याची टाकी बसवली आणि तिच्यातून खाली येणाऱ्या पाण्यावर टर्बाइन चालवून पूल फिरवला. तुर्कांच्या तोफांसाठी उभा केलेला बुरूज शेवटी पाणी धरायच्या कामी आला.

ही युक्ती आपल्या प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर रोज चालते. लहानशी मोटार तासभर कण्हत वरची टाकी भरते. सकाळी सात वाजता सगळ्या घरांत एकदम नळ सुटतात, तेव्हा पाण्याचा जो मारा होतो तो त्या मोटारीच्या ताकदीबाहेरचा असतो. तो तासाभराच्या बचतीतून येतो. पुलाला शक्ती हवी असते ती काही मिनिटं, पण त्या मिनिटांत भरपूर हवी असते. बाकी दिवसभर काही नको. म्हणून ऊर्जा हळूहळू वर साठवायची आणि वेळ आली की एकदम सोडायची.

साठा किती, तेही मोजता येतं. 600 घनमीटर म्हणजे 600 टन पाणी. ते जितके मीटर खाली उतरेल, त्या दर मीटरला सुमारे 59 लाख ज्यूल मिळतात. 10 मीटर उतार धरला तर 16 युनिटं वीज होईल इतकी ऊर्जा. टर्बाइन आणि नळ त्यातला बराच भाग खातात, तरीही एकदा भरलेली टाकी पूल पुन्हापुन्हा उघडायला पुरेल एवढी आहे. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरात 1852 मध्ये गोदीचे दरवाजे अशाच दाबाने चालवायचे होते, तर नुसती टाकी उंच ठेवण्यासाठी 94 मीटरचा विटांचा मनोरा बांधावा लागला होता. तारांतोला उंची फुकट मिळाली.

सत्तरएक वर्षं त्या पुलाने काम केलं. मग मोटारी आल्या, ट्रक आले, रस्ता अपुरा पडू लागला. जुना पूल काढून त्याच जागी आजचा पोलादी पूल उभा राहिला आणि 10 मार्च 1958 रोजी राष्ट्राध्यक्ष ज्योव्हान्नी ग्रोंकी यांनी त्याचं उद्घाटन केलं. लांबी 89.9 मीटर, रुंदी 9.3 मीटर. दोन हात, दोन खुंट्या, मधली भेग, सगळं तसंच राहिलं. टाकी जाऊन विजेच्या मोटारी आल्या, एवढाच मोठा फरक. पुलाला नाव दिलं संत फ्रान्चेस्को दि पाओला यांचं. आख्यायिका अशी की नावाड्याने फुकट न्यायला नकार दिला, तेव्हा या संताने आपला अंगरखा पाण्यावर पसरला आणि त्यावर उभं राहून मेसिनाची सामुद्रधुनी पार केली. ज्याला पुलाची गरजच पडली नाही, त्याचं नाव पुलाला देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

त्या भेगेकडे परत येऊ. पोलाद तापलं की वाढतं: एक मीटर पोलाद एका अंशाला सुमारे 12 मायक्रोमीटर. 90 मीटर लांबीला हिवाळ्यातली थंडी आणि ऑगस्टचं ऊन यांत 30 अंशांचा फरक धरला, तर वाढ होते सव्वातीन सेंटिमीटर. साध्या पुलाला यासाठी टोकांशी सांधे ठेवतात. कमान मात्र थोडी वर उचलली जाऊन वाढलेली लांबी सामावून घेते, शिवाय इथे मधोमध जोड आहेच. पण उघडमिट करणाऱ्या पुलाला ही सव्वातीन सेंटिमीटरची गंमत परवडत नाही. परत येणाऱ्या दोन हातांची टोकं कडक उन्हातही एकमेकांत अडकता कामा नयेत आणि थंडीतही नीट भिडली पाहिजेत.

पुलाखालचं पाणीही बघत राहण्यासारखं आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यांत अरुंद जागी 14 किलोमीटर, तिच्यातून अटलांटिकची भरती फारशी आत येत नाही आणि हा समुद्र स्वतःची मोठी भरती उभी करण्याइतका विस्तीर्ण नाही. त्यामुळे इथे पाणी वीतभर वर, वीतभर खाली, इतकंच होतं. तरीही तारांतोच्या कालव्यात प्रवाह स्पष्ट दिसतो आणि साधारण सहा तासांनी दिशा बदलतो. असं का? मार पिक्कोलो सुमारे 20 चौरस किलोमीटर आहे. त्याची पातळी 20 सेंटिमीटर वाढवायची तर 40 लाख घनमीटर पाणी आत आलं पाहिजे, तेही सहा तासांत, म्हणजे सेकंदाला 185 घनमीटर. जुन्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एक उथळ मुख आहे, त्यातून थोडं येतं. बाकी सगळं या कालव्यातून. कालव्याचा आडवा छेद 800 चौरस मीटरच्या आसपास धरला, तर सरासरी वेग निघतो सेकंदाला वीतभर, आणि भरतीच्या मधल्या तासांत त्याहून जास्त. समुद्र वीतभर वर चढतो आणि अरुंद गळ्यातलं पाणी दर सेकंदाला वीतभर पुढे सरकतं. उघडा कालवा पार करणाऱ्या जहाजाला हा प्रवाह लक्षात घ्यावाच लागतो.

आतल्या पाण्यात अजून एक नवल आहे. मार पिक्कोलोच्या तळाशी गोड्या पाण्याचे तीसेक झरे आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘चित्री’ म्हणतात. उत्तरेकडच्या चुनखडीच्या पठारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, भेगांतून वाहत येतो आणि थेट समुद्राच्या तळातून वर उसळतो. गोड्या-खाऱ्याच्या या मिसळणीत काळे शिंपले, म्हणजे गोव्यातल्या शिनाण्यांचेच भाऊबंद, दोरांना लटकवून वाढवले जातात. त्यांच्या चवीचं श्रेय तारांतोकर या झऱ्यांना देतात. शिंपल्यांच्या होड्या ठेंगण्या, त्यांच्यासाठी पूल उघडावा लागत नाही.

युद्धाची एक नोंद इथेच करायला हवी. 11 नोव्हेंबर 1940 च्या रात्री ब्रिटिशांच्या 21 स्वोर्डफिश विमानांनी मार ग्रांदेत नांगरलेल्या इटालियन आरमारावर हल्ला चढवून तीन बलाढ्य युद्धनौका निकामी केल्या. पुढे इटलीने शस्त्रं ठेवली आणि सप्टेंबर 1943 मध्ये याच बंदरात आठवी भारतीय डिव्हिजन उतरली. तिच्यात पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन होती. याच बटालियनच्या नामदेव जाधवांना पुढे एप्रिल 1945 मधल्या सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सह्याद्रीच्या पोरांचा इटलीतला प्रवास या दोन समुद्रांच्या गावापासून सुरू झाला.

अलीकडे पूल फार उघडत नाही. 2004 मध्ये नौदलाचा नवा तळ बाहेर, मार ग्रांदेत सुरू झाला आणि बहुतेक युद्धनौकांना आत येण्याचं कारणच उरलं नाही. दुरुस्तीसाठी गोदीत यायचं असलं तरच पुलाला हात लावला जातो. मग बातमी आधीच गावभर होते. रस्ता बंद होतो, दोन हात वळून बाजूला जातात आणि दोन्ही काठांवर कठड्याला माणसं चिकटतात. 240 मीटरहून लांब ‘कावूर’ ही विमानवाहू नौकाही या गळ्यातून आत गेली आहे. तिची डेकजवळची रुंदी 39 मीटर. मुंगीच्या पावलाने सरकणारं ते करडं पोलाद किल्ल्याच्या बुरुजाला घासतं की काय असं वाटत राहतं. डेकवर खलाशी रांगेत उभे असतात, काठावरून कुणीतरी ओळखीच्या खलाशाला नावाने हाक मारतं आणि रांग न मोडता वरून एक हात हळूच हलतो.